मीटर सासऱ्यांच्या नावावर, मग सोलर लावायचं कसं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही कराड तालुक्यातल्या एका गावात राहतो. घर स्लॅबचं आहे, १९९४ साली सासऱ्यांनी बांधलेलं. २०१९ मध्ये ते गेले. घर आणि लाइटचं मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला आहेत, धाकटे भाऊजी पिंपरीला असतात. महिन्याला सरासरी २१० युनिट पडतात, बिल दोन-सव्वादोन हजार येतं. गच्चीवर सोलर बसवावं असं आमच्या मनात आहे. एक एजन्सीवाला येऊन गेला. तो म्हणतो, पाच किलोवॅट घ्या, नावाचं आम्ही बघून घेतो, ग्रामपंचायत आणि महावितरणच्या परवानग्यांचे वेगळे आठ हजार द्या. भाऊजींना फोनवर सांगितलं तर ते ‘बघू’ म्हणून गप्प झाले. सासूबाई म्हणतात, मग वाळवणं कुठं घालायची? नेमक्या कोणाकोणाच्या परवानग्या लागतात, आणि हे सगळं करावं की नाही?

– एक वाचक, कराड तालुका

उत्तर

नमस्कार ताई,

सोलर जरूर करा. पण तुम्हाला सगळ्यात मोठी परवानगी लागणार आहे ती ग्रामपंचायतीची नाही आणि महावितरणचीही नाही. ती तुमच्या घरातल्यांची आहे. भाऊजींचं ‘बघू’ आणि सासूबाईंची वाळवणं या दोन गोष्टी तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरत्या लिहिल्यात. मी असते तर सुरुवात तिथूनच केली असती.

आधी मीटरचं बघू. ‘नावाचं आम्ही बघून घेतो’ या वाक्यावर अजिबात विसंबू नका. छतावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान देणाऱ्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर वीज ग्राहक क्रमांकावर भरला जातो. बिलावर ज्याचं नाव, तोच अर्जदार, आणि अनुदान जमा होतं तेही त्याच माणसाच्या बँक खात्यात. तुमचे सासरे हयात नाहीत. त्यांच्या नावानं अर्ज भरला तर पैसे कोणाच्या खात्यात येणार? एजन्सीवाला पॅनेल बसवून, त्याचे पैसे घेऊन मोकळा होईल. अनुदानासाठी कचेरीच्या पायऱ्या तुम्हालाच झिजवाव्या लागतील.

हे मी अनुभवावरून सांगते. माझ्या माहेरी बिलावर वडिलांच्या नावाची फक्त आद्याक्षरं होती आणि बँकेत पूर्ण नाव होतं. माणूस एकच, तोही हयात, सही करायला स्वतः हजर. ‘चालतंय की’ असं आम्हालाही सांगण्यात आलं होतं. अनुदान चार महिने अडकलं. बाबा दर सोमवारी पासबुक भरून आणायचे आणि न बोलता टेबलावर ठेवायचे. शेवटी बिलावरचं नाव दुरुस्त करून घेतलं तेव्हा ते सुटलं. एवढ्याशा फरकावरून हे झालं. तुमच्याकडे तर मीटर गेलेल्या माणसाच्या नावावर आहे. म्हणून पहिलं काम नावबदलाचं. तो होईपर्यंत कोणालाही एक रुपया आगाऊ देऊ नका.

नावबदलाचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून करता येतो, नाहीतर तुमच्या उपविभाग कार्यालयात जाऊन द्या. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा, ज्याच्या नावावर मीटर करायचं त्याची ओळखपत्रं आणि बाकीच्या वारसांची संमती, एवढी तयारी ठेवा. बिलाची थकबाकी असेल तर आधी भरून टाका. नमुना ८ वरही सासऱ्यांचंच नाव असेल, तर वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत आत्ताच देऊन ठेवा. सोलर लावा किंवा लावू नका, ते काम सासरे गेल्यापासून मागे पडलंय.

इथे एक विचारते. पत्रात नणंदेचा उल्लेख नाही. तुम्हाला नणंद असेल, लग्न होऊन वीस वर्षं झाली असतील, तरीही त्या सासऱ्यांच्या वारस आहेत. मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी, सगळ्यांचा हक्क सारखा. ‘ती कशाला हरकत घेतेय’ असं म्हणून तिची सही टाळली जाते आणि पुढे दुखणं तिथूनच सुरू होतं. त्यांना फोन करा, मोकळेपणानं सांगा आणि सही घ्या.

मीटर कोणाच्या नावावर करायचं? तुमच्या मनात यजमानांचं नाव असणार. माझं मत वेगळं आहे: शक्य असेल तर सासूबाईंच्या नावावर करा. त्या स्वतः वारस आहेत आणि दोन्ही मुलांचा त्यांच्यावर सारखा विश्वास आहे. मीटर आईच्या नावावर जातंय म्हटल्यावर पिंपरीला बसलेल्या भाऊजींच्या मनातली निम्मी शंका तिथेच मिटेल. सासूबाईंचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि त्यातलं नाव बिलावर येणाऱ्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेवढं तपासा. अडचण एकच येऊ शकते. कर्ज काढून संच घेणार असाल तर बँक अर्जदाराचं उत्पन्न बघते. या योजनेसाठी राष्ट्रीयीकृत बँका तारण न घेता कर्ज देतात. शाखेत जाऊन आधी विचारा, अर्जदार आई आणि सहअर्जदार मुलगा असं चालेल का. नसेल चालत, तर मग यजमानांच्या नावावर करा, पण भाऊजींशी बोलून.

आता भाऊजींच्या ‘बघू’कडे येते. सहीला कचरणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एकच भीती असते: आज सोलरसाठी सही देतोय, उद्या हाच कागद हक्कसोड म्हणून पुढे येईल. ही भीती खोटी नाही, आपल्याकडे अशा सह्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्यात. त्यांना खरं काय ते सांगा. वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही. मीटरवर नाव बदललं म्हणून घर कोणाचं होत नाही. आणि हे तोंडी न ठेवता संमतीपत्रातच लिहा. मजकूर साधारण असा असू द्या:

‘आम्ही खाली सही करणारे कै. अमुक यांचे कायदेशीर वारस आहोत. सदर घराच्या वीजजोडणीवर श्रीमती अमुक यांचे नाव लावण्यास, तसेच गच्चीच्या दक्षिणेकडील अंदाजे २५० चौरस फूट भागावर सौर संच बसवण्यास आमची संमती आहे. या संमतीमुळे घर, जागा व गच्चीवरील कोणाच्याही मालकी हक्कात बदल होत नाही आणि कोणीही आपला हक्क सोडलेला नाही. संच श्री. अमुक यांनी स्वखर्चाने बसवला असून तो त्यांच्या मालकीचा राहील. पुढे वरचा मजला बांधण्याचे ठरल्यास संच काढून पुन्हा बसवण्याचा खर्च श्री. अमुक करतील.’

यातलं शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. भाऊजींच्या मनात कधीतरी गावी येऊन वर दोन खोल्या काढायचं असेल. पॅनेल एकदा बसली की पंचवीस वर्षं हलणार नाहीत, असं त्यांना वाटत असेल. चार पॅनेलं काढून पुन्हा बसवणं काही अवघड नसतं. फक्त खर्च कोणाचा, ते आज ठरलेलं बरं. हा कागद स्टॅम्प पेपरवर करा, नोटरी करून घ्या, आणि त्याची एक प्रत भाऊजींना द्या. फोनवर सांगण्यापेक्षा यजमानांनी एका रविवारी पिंपरीला जाऊन यावं. समोर बसून मजकूर वाचून दाखवला की माणूस बोलता होतो.

आता त्या आठ हजारांच्या परवानग्या. पोर्टलवरच्या अर्जात ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागितला जात नाही. दोन-तीन किलोवॅटच्या घरगुती संचासाठी विद्युत निरीक्षकाकडेही जावं लागत नाही. महावितरणकडे पूर्वी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीसाठी, म्हणजे तिथल्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर सोलरची वीज पेलतील का ते बघण्यासाठी, अर्ज अडकून पडायचे. केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला, तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला ही तपासणी नाही, अर्ज मंजूर झाल्याचंच धरलं जातं. तुमच्या मीटरचा मंजूर भार (एका वेळी किती वीज घेता येईल त्याची मर्यादा) कमी असेल तर तो वाढवून देणं हेही वितरण कंपनीचंच काम आहे. मग आठ हजार कशाचे? त्या माणसाला सरळ सांगा, कुठल्या कार्यालयात, कुठल्या शुल्कापोटी, ते कागदावर लिहून द्या, पावती दाखवा, मग देऊ. उत्तर काय येतं त्यावरून माणूस ओळखता येईल.

ग्रामपंचायतीचा संबंध एकाच ठिकाणी येतो. पॅनेलं उंच लोखंडी ढाच्यावर चढवली, खाली सावली झाली, मग बाजूनं पत्रे मारले, दार लावलं आणि सामानाची खोली झाली, असं अनेक घरांवर दिसतं. ते सोलर राहत नाही, बांधकाम होतं. त्याला बांधकामाची परवानगी लागते, घरपट्टीचा प्रश्न येतो आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवरून नोटीसही येऊ शकते. खालची जागा मोकळी राहू द्या. (शहरात सोसायटीत राहणाऱ्या वाचकांसाठी: तिथे गच्ची सगळ्यांची असते. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सोसायटीचं ना हरकत पत्र घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.)

किती किलोवॅट, यावर मी ठाम आहे: पाच नको. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट देतो. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात बरंच कमी. दोन किलोवॅटचे महिन्याला २४० च्या आसपास होतात. तुमचा वापर २१० आहे. पाच किलोवॅट लावलं तर महिन्याला सहाशे युनिट तयार होतील, ती तुम्ही वापरणार कुठं? नेट मीटरमध्ये (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात हे खरं, पण ३१ मार्चला जे उरतं त्याचे पैसे कंपनी फार कमी दरानं देते. वीज विकून कमाई होईल असं कोणी सांगत असेल तर कानाआड करा. अनुदानाचा हिशोबही बघा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथे संपलं. म्हणजे दोनला ६०,०००, तीनला ७८,००० आणि पाचलाही ७८,०००च. वरच्या दोन किलोवॅटचा सगळा भार तुमच्या खिशावर. हे गणित एजन्सीवाल्याला चांगलं माहीत असतं.

बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. ते आकडे घ्या, बेरीज करा. वर्षाची बेरीज २,५०० च्या आसपास आली तर दोन किलोवॅट पुरे. येत्या वर्षा-दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर किंवा एसी नक्की घेणार असाल तर तीन घ्या. तुमच्यासारख्या घराला फायदा होतो तो १०० युनिटच्या पुढच्या चढ्या दरामुळे, ती महागडी युनिटंच आधी वाचतात. मात्र बिल शून्य होणार नाही. स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो.

आता सासूबाईंची वाळवणं. त्यांचा प्रश्न मला तुमच्या सगळ्या पत्रातला सगळ्यात व्यवहारी प्रश्न वाटला. गच्ची वापरात असते, ती रिकामी जागा नव्हे. चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड, वर्षाचं तिखट, डाळी, हे सगळं तिथंच वाळतं. दोन किलोवॅटला साधारण चार पॅनेलं लागतात. एकेक साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. मधली जाण्या-येण्याची वाट धरून दोनशे चौरस फुटांत मावतात. पाच किलोवॅट घेतलं असतंत तर मात्र सासूबाईंना खरंच जागा उरली नसती. त्यांनाच वर घेऊन जा, खडू त्यांच्या हातात द्या आणि सांगा, तुम्हाला लागतो तेवढा भाग आखा, उरलेल्यात आम्ही बसवतो.

आखताना सावलीचं बघा, आणि ते मार्गशीर्षातच बघा. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेकडे सगळ्यात खाली असतो. तुमच्याकडे भर दुपारीसुद्धा टाकीची सावली जवळजवळ टाकीच्या उंचीएवढी लांब पडते, सकाळी नऊला तर कितीतरी जास्त, आणि ती उत्तरेकडे सरकलेली असते. म्हणून पॅनेलं टाकीच्या दक्षिणेला हवीत, तोंड दक्षिणेकडे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता वर जाऊन टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ यांच्या सावल्या खडूनं गच्चीवर काढा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच तारेवरच्या बाकीच्यांचं उत्पादनही घटतं. एजन्सीचा माणूस दुपारी बारा वाजता येऊन फोटो काढून जातो, त्याला नऊची सावली दिसत नाही.

घर तीस वर्षांचं आहे. पावसाळ्यात स्लॅब कुठं ओलावतो का? ओलावत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, सोलर मागून. स्लॅबला भोकं पाडून ढाचा बसवणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर, ते विचारा. ढाचा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) आहे का, ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल असं कोटेशनमध्ये लिहून देणार का, तेही विचारा. वळवाचं वादळ तुम्हाला सांगायला नको. अर्थिंग तीन वेगवेगळ्या हव्यात: पॅनेलच्या बाजूची, घराच्या बाजूची आणि आकाशातली वीज अडवणाऱ्या वीजरोधकाची. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात सोडणारे आहेत, तेव्हा खड्डे खणताना यजमानांनी घरी थांबावं. अनुदानासाठी पॅनेलं भारतीय बनावटीच्या सेलची लागतात, तेही कोटेशनवर यायला हवं.

पैशांचं असं आहे की, एजन्सीला पूर्ण रक्कम तुम्ही देता आणि अनुदान मागाहून तुमच्या खात्यात येतं. ‘अनुदान वजा करून द्या, फक्त सही केलेला कोरा चेक ठेवा’ असं कोणी म्हणालं तर दारातूनच निरोप द्या. एजन्सी पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत आहे का ते बघा आणि तीन ठिकाणचे दर मागवा. सौर साहित्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुन्या दराचं कोटेशन पुढे करत असतील तर बोट ठेवून दाखवा. योजनेच्या करारानुसार पाच वर्षं देखभाल एजन्सीनंच करायची असते. आणि शेवटचा हप्ता, निदान दहा-पंधरा टक्के, नेट मीटर बसून संच सुरू होईपर्यंत हातात ठेवा. काम पूर्ण झाल्याची नोंद पोर्टलवर झाली की महावितरणनं १५ दिवसांत मीटर बसवून द्यायला हवं. रखडलं तर उपविभागाच्या अभियंत्यांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

एक गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात, म्हणून सांगते. बॅटरीशिवायचा साधा संच लाइट गेली की बंद पडतो, कितीही कडक ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) स्वतःच बंद होतो, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या गावी लाइट फार जात असेल आणि त्यासाठीच सोलर हवं असेल, तर बॅटरीचा वेगळा विचार करावा लागेल आणि खर्चही बराच वाढेल.

आणि तुमच्या भागात उसाचा हंगाम आहे. पाचट पेटवलं की ती काळी राख वाऱ्यानं गच्चीवर येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर तुम्ही बघितलीच असेल. पॅनेलवरही तीच बसते. हंगाम चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा भल्या सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसून घ्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका, लगेच निपटून काढा. गच्चीवर नळ नसेल तर प्लंबरचं ते काम ढाचा बसवण्याआधीच उरकून घ्या.